बेडूक इंजिन आणि इतर मालमत्ता

लिहून ठेवणार: मी, शेवटी डाव्या हाताचा अंगठा उठवणारी बाई. वय ब्याऐंशीच्या आसपास. नेमके ज्यांना माहीत होते ते सगळे आधीच गेले. धंदा: एकतीस वर्षे कागद गिरणीच्या रुळांवर सांधेवाली, सध्या सासू.

कारणे लिहून ठेवते ते असे की, माझे डोके जागेवर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे, आणि देण्याआधी मला तीन वेळा विचारले, आज वार कोणता. तिसऱ्यांदा मीच विचारले, "तुम्हाला खरंच माहीत नाही का?" हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकाने, दडपणाने किंवा गोड बोलण्याला भुलून करत नाही. धाक मला कोणी घालत नाही आणि गोड कोणी बोलत नाही. परवा माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. त्यात जे व्हायचे ते होईल, पण बोलायचे राहून जायला नको.

मला अक्षर येत नाही. मी बोलते आहे आणि वकीलबाई लिहीत आहेत. मधूनच त्या म्हणतात, "आजी, हे मृत्युपत्रात लिहीत नाहीत." मी विचारते, "मग कुठे लिहितात?" त्या पान उलटून लिहीत राहतात.

आज मला फार घाई आहे. मरणाची नव्हे. अकरा वाजता पार्सल येणार आहे.

कलम १. याआधीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. कारण लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा घोळ नको. रुळाची एक वाट जिथे दोन वाटांत फुटते त्या जागेला सांधा म्हणतात, आणि इंजिन यायच्या आधी दांडा ओढून ती वाट इकडची तिकडे करते ती सांधेवाली. दोन वर्षांपूर्वी मी सांगितले होते, "माझे सगळे सांधे लेकाच्या हाती द्या." लिहिणारे गृहस्थ दवाखान्याच्या कचेरीतले होते. त्यांनी लिहिले, "दोन्ही गुडघ्यांचे व शरीरातील इतर सर्व सांधे मुलाच्या स्वाधीन करावेत." त्यावर शिक्कासुद्धा बसला. लेक आठवडाभर माझ्या चालण्याकडे टक लावून बघत होता. तर या कागदात सांधे म्हणजे रुळांचे. गुडघ्यांचे कोणाला हवे असतील तर त्याने आजच न्यावेत.

कलम २. राहते घर, खालच्या खोल्या आणि माडी धरून, लेकाला व सुनेला मिळून. पुढच्या बाजूच्या दुकानात घड्याळदुरुस्तीवाले आहेत, त्यांना उठवू नये. ते कोणाचेही घड्याळ सांगितलेल्या दिवशी देत नाहीत, पण माझ्याकरता त्यांनी जे केले ते पुढे येईलच.

कलम ३. बँकेत जे असेल ते दोघांनी निम्मे निम्मे घ्यावे. किती आहे ते सांगत नाही. परवापर्यंत जरा बरी वागणूक मिळेल.

कलम ४. माझी कामाची हत्यारे. हिरवा झेंडा आणि लाल झेंडा सुनेला. लालच जास्त वापरलेला आहे. शिट्टी लेकाला, कारण घरात त्याचे कोणी ऐकत नाही. सांध्याचा लोखंडी दांडा मी गिरणी बंद झाली त्या दिवशी पदराखाली लपवून आणला. तो कोणाला द्यायचा ते मी ठरवलेले नाही. मांजर आत येऊ नये म्हणून सध्या दाराला लावतो, तेच चालू ठेवावे.

कलम ५. राग. समोरच्या घरातल्या बाईंनी सहा वर्षांपूर्वी जाळी काढायला आमची शिडी नेली. ती मी बक्षीस दिली असे त्यांनी समजू नये. मी गेल्यावर भेटायला येतील तेव्हा शिडी घेऊन यावे, रिकाम्या हाताने रडू नये.

दुसरा राग सुनेवर. सून दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवते. गावभर लोक तिच्या दातांनी जेवतात. माझी कवळी मात्र तिने अशी केली की मी बोलले की ती टाळ्या वाजवते. मी म्हटले, "ही सैल आहे." ती म्हणाली, "आई, कवळी बरोबर आहे, तुमच्या तोंडाला विश्रांती नाही." हे बोलणे मी चार वर्षे लक्षात ठेवले आहे. माझ्यामागे ती कवळी तिने परत घ्यावी आणि हातात धरून थोडा विचार करावा.

कलम ६. आता मुख्य गोष्ट. माडीवरच्या खोलीत दोन दरवाजांएवढ्या फळ्यांवर आमची कागद गिरणी मांडलेली आहे. खरी गिरणी पाडली त्याला चौदा वर्षे झाली. तिथे आता गाड्या उभ्या करतात. फळ्यांवरची शाबूत आहे. ओंडके सोलायची शेड, लगद्याचे हौद, बॉयलरघर, कागदाच्या रिळांचे गोदाम, फाटक, आणि या सगळ्यांमधून फिरणारे रूळ. सगळे खऱ्याहून सत्त्याऐंशी पटींनी लहान. सांधे नऊ, आणि नऊच्या नऊ बोटाने फिरतात.

हे सगळे माझ्या नवऱ्याने निवृत्तीनंतर अकरा वर्षे खपून केले. (वकीलबाई "माझे पती" लिहायला सांगतात. मी जन्मभर "हे" म्हणत आले, तेव्हा "हे" असेच लिहावे.) हे गिरणीचे टाइमकीपर होते. कोण किती वाजता आला, कोणते इंजिन किती वाजता सुटले, सगळे यांच्या वह्यांत. फळ्यांवरची गिरणी करतानाही यांनी मूळ नकाशा भिंतीला टाचला आणि भिंगातून बघत एकेक पत्रा चिकटवला. कागदावर नाही ते मांडायचे नाही, हा बाणा.

आणि अशा या गिरणीत इंजिन कोणते आणले? तर महाराणी. लांब पल्ल्याच्या मेलगाडीचे, हिरवेगार, सोनेरी पट्ट्यांचे, सोळा डबे घेऊन वाऱ्यासारखे पळणारे. आमच्या गिरणीत पळायला जागा होती कुठे? तीन वाघिणी इकडच्या तिकडे करायच्या, म्हणजे शंटिंग, बस्. (वाघीण म्हणजे मालाचा डबा. वकीलबाई दचकल्या म्हणून खुलासा.) ओंडक्यांच्या शेडजवळच्या वळणावर महाराणी दर वेळी रूळ सोडून आडवी व्हायची. हे म्हणायचे, "वळणच जरा जास्त झालंय." मी म्हणायची, "वळण नकाशाप्रमाणे आहे. नवरी थोराड आहे."

हे गेले तेव्हा महाराणी आडवीच होती. उभी करायला कोणाला सुचले नाही.

आता खरे दुखणे सांगते. लेक नोंदणी कचेरीत अधिकारी आहे. स्वतःचा जन्मसुद्धा त्याला दाखला बघितल्यावर पटला असावा. त्याने ठरवले की माझ्यामागे या फळ्या जुन्या यंत्रांच्या संग्रहालयात द्यायच्या. विचार वाईट नव्हता. पण काचेत लावायच्या तक्त्याचा मजकूर त्याने मला मोठ्या हौसेने वाचून दाखवला: "या गिरणीत शंटिंगसाठी एक इंजिन होते."

मी म्हटले, "दोन होती."

"आई, बाबांच्या नोंदवहीत एकच आहे."

"वहीत एक, रुळावर दोन."

"बरं, एखादा फोटो?"

"आम्ही तिथे कामाला जायचो रे, लग्नाला नव्हे."

तो हसला, पण मजकूर बदलला नाही. तो तक्ता एकदा काचेत लागला की मी कायमची खोटी. मेलेल्या बाईला काचेवर टकटक करून सांगता येत नाही की अहो, दुसरे इंजिन, आमचा बेडूक, राहिला. म्हणून हे मृत्युपत्र, आणि म्हणून मरायच्या आधी दोन्ही इंजिने या फळ्यांवर चालताना दाखवायची, असे मी चार महिन्यांपूर्वी ठरवले.

कलम ७. इंजिने कशी निवडली ते सविस्तर लिहावे, कारण माझ्यामागे कोणीतरी चकचकीत काहीतरी आणून ठेवील.

घड्याळवाल्यांनी तीन दुकानांचे कॅटलॉग मागवले. दुपारी गिऱ्हाईक नसले की ते वर येऊन मला वाचून दाखवत आणि मी चित्रे बघत असे. अहो, काय ती चित्रे! चार महिन्यांत माझी वीस वर्षे उतरली. सून म्हणायची, "आई, जेवायला चला." मी म्हणायची, "थांब गं, अजून चाकं बघायची आहेत."

लेकाने एक निळे इंजिन पसंत केले. सहा जोड चाके, तोंडावर दोन दिवे, रुबाब असा की बघत राहावे. मी विचारले, "ड्रायव्हर कुठून बघतो?"

घड्याळवाल्यांनी भिंग लावले. "पुढून बघतो, आजी."

"आणि मागे वाघिणी लावताना?"

"मागे… मागे त्याला काही दिसत नसावं."

"मग तो माझी शेड पाडणार. पुढचं पान."

लोक अश्वशक्ती विचारतात, रंग विचारतात. मी एकतीस वर्षे इंजिनासमोर हात हलवला आहे, म्हणून सांगते. ज्या इंजिनाच्या खिडकीतून सांधेवालीचा हात दिसत नाही ते शंटिंगचे इंजिनच नव्हे. त्याने पुढे जितके, तितकेच मागे जायचे असते. ड्रायव्हरची खोली मधोमध हवी नाहीतर नाक तरी बुटके हवे. चाके चार पुरेत; जास्त झाली की वळणावर रुसतात. छप्पर रिळांच्या गोदामाच्या दारातून गेले पाहिजे. त्यासाठी मी घड्याळवाल्यांना दाराची उंची सुतळीने मोजून दिली आणि त्यांनी कॅटलॉगातला आकडा भागून बघितला. आणि सगळ्यांत मोठे म्हणजे हळू चालता आले पाहिजे. पळते कोणीही. थांबल्यासारखे चालणे ज्याला जमते त्याच्या हाती वाघीण द्यावी.

अशी चाळणी लावल्यावर तीन कॅटलॉगांत मिळून एकच उरले. खोली मधोमध, दोन्हीकडे बुटकी नाके, चार चाके आणि चाकांना जोडणारा दांडा. आमच्या वहीतले एक नंबरचे इंजिन हुबेहूब असेच. आम्ही त्याला ठेंगणी म्हणायचो. मी बोट ठेवले आणि म्हटले, "ही." घड्याळवाले म्हणाले, "आजी, ही यातली सगळ्यांत कुरूप आहे." मी म्हटले, "म्हणजे बरोबर आहे."

दुसरे इंजिन कोणत्याही कॅटलॉगात मिळणार नव्हते, कारण ते कोणत्याही कारखान्यात झालेच नाही. गिरणीच्या मिस्त्रींनी जुन्या ट्रॅक्टरची रबरी चाके काढून रुळाची लोखंडी चाके चढवली आणि वर पत्र्याचे छप्पर ठोकले. सुटताना ते आधी एक उडी मारायचे आणि मग चालायला लागायचे, म्हणून बेडूक. आता बेडूक कोण करणार?

मी सुनेला विचारले नाही. आमचे कवळीपासून कामापुरतेच बोलणे होते. पण एक दिवस ती भांडी पुसता पुसता म्हणाली, "आई, किती लांब होता तुमचा बेडूक?" मी करंगळी दाखवली. ती म्हणाली, "एवढी तर मी दाढ करते." आणि खरेच, कवळीच्या हिरड्यांचा जो गुलाबी मसाला असतो त्यातून तिने त्याचे अंग ओतले. चाकांचा सांगाडा आणि मटाराएवढी मोटर घड्याळवाल्यांनी जमवली. पहिला बेडूक तिने दाखवला तेव्हा तो गुलाबी होता, जणू नुकताच जन्मलेला. मी हातात घेऊन बघितला.

"बैठक चुकली. ही आडवी पाहिजे, रुळाकडे कूस करून."

"आडवी कशाला?"

"दोन्हीकडे बघता यावं म्हणून. मान इकडे वळवली की पुढचं, तिकडे वळवली की मागचं."

"तुम्हाला कसं माहीत, आई?"

"माझ्या कमरेला माहीत आहे."

तिने माझ्याकडे जरा वेळ बघितले आणि बैठक कापून आडवी केली.

कलम ८. हे कलम वरचे लिहून होता होताच सुरू झाले, कारण पार्सल आले. अकराला सांगितले होते, साडेदहालाच आले. टपालवाल्या बाई सही मागायला वर आल्या, त्यांनी फळ्या बघितल्या आणि पिशवी खाली ठेवून म्हणाल्या, "दोन मिनिटं बघू का?" त्या अजून इथेच आहेत.

ठेंगणी खोक्यातून निघाली. हृदयाचे कारण पुढे करून मी लेकाला ती रुळावर ठेवायला लावली. तो बटण फिरवायला लागला. मी म्हटले, "हळू. अजून हळू. अरे, तू कचेरीतून घरी येतोस तितकं हळू." आणि ती चालली! वकीलबाई, लिहा, ती अशी चालली की शेजारून मुंगी पुढे गेली असती. शेडजवळचे वळण आले. सगळ्यांनी श्वास धरला. ठेंगणीने वळण घेतले जसे घरातली बाई पाटाला वळसा घालून जाते. रिळांच्या गोदामाच्या दारातून गेली, वर जेमतेम दोराभर जागा उरली. घड्याळवाल्यांनी टाळी वाजवली, आणि बोलताना माझ्या कवळीनेही.

लेक खूश झाला. "बघ आई, एक इंजिन आणि सगळी गिरणी चालते."

"चालते ना? मग फाटकातून तीन कोळशाच्या वाघिणी आण, बॉयलरघराशी ठेव, आणि ठेंगणी घेऊन बाहेर ये."

त्याने ठेंगणी फाटकाशी नेली, वाघिणींना जोडली, ओढत आणली. मी बॉयलरघराचा सांधा फिरवून दिला. ठेंगणी आत गेली, तिच्यामागे एक, दोन, तीन वाघिणी गेल्या. ठेंगणीचे नाक शेवटच्या अडसराला टेकले आणि लेक थांबला.

"हं," मी म्हटले, "ये आता बाहेर."

तो मागे सरकला तर वाघिणीही मागे सरकल्या. पुढे गेला तर पुढे अडसर. वाघिणी सोडल्या तर त्या वाटेत. पुन्हा सगळे बाहेर आणले, पुन्हा आत नेले. कानशिले लाल झाली. टपालवाल्या बाई न राहवून म्हणाल्या, "अहो साहेब, तुम्ही आतच राहिलात की!"

लेकाने वाघीण उचलायला हात पुढे केला. मी त्याच्या हातावर चापट मारली. "तिथे आभाळातून हात येत नव्हता."

"मग माणसं ढकलत असतील."

"कोळशानं भरलेल्या? फळीला डोळा लाव बघू. तो रूळ चढाचा आहे. कोळसा वरून खाली पडावा म्हणून बॉयलरघर उंचावर. तुझ्या बाबांनी चढसुद्धा मापात केला आहे."

त्याने फळीला डोळा लावला, बराच वेळ लावून ठेवला. मग तो खुर्चीवर बसला आणि नकाशाकडे, फळ्यांकडे, पुन्हा नकाशाकडे बघत राहिला. वकीलबाईंनी पेन खाली ठेवले होते ते मी उचलायला लावले.

मग मी सुनेला म्हटले, "आण तुझं बाळ."

बेडूक आता गुलाबी नव्हता; तिने त्याला तेलकट काळा रंग दिला होता, छपरावर गंजसुद्धा. फाटकाच्या आत डाव्या हाताला चार बोटांचा एक रूळ आहे, कुठेच न जाणारा. मी म्हटले, "तिथे ठेव." तिने ठेवला. तो त्यात अस्सा बसला, पुढे-मागे तांदळाच्या दाण्याएवढी जागा.

लेकाने ठेंगणीला वाघिणींसकट पुन्हा फाटकाशी नेले. या वेळी वाघिणी आत ओढून मधल्या रुळावर सोडल्या आणि ठेंगणी एकटीच पुढे निघून गेली. मग बेडूक सुटला. सुटताना त्याने उडी मारली! घड्याळवाले चपापून म्हणाले, "पहिल्या चाकात थोडी चूक राहिली आहे, मी नीट करून देतो." मी ओरडले, "खबरदार!" बेडूक वाघिणींच्या मागे लागला, त्यांना ढकलत ढकलत चढावर घेऊन गेला, बॉयलरघराशी सोडल्या, आणि आला की हो परत, एकटा, मोकळा.

टपालवाल्या बाईंनी दोन बोटे तोंडात घालून शिट्टी वाजवली. लेक उभा राहिला. म्हणाला, "दोन होती."

एवढेच म्हणाला. पण ते कचेरीच्या आवाजात म्हणाला, शिक्का मारल्यासारखे.

कलम ९. मग त्याने विचारले, "पण आई, मग बाबांनी नोंद का केली नाही?"

इतक्या वर्षांत सगळ्यांनी मला "होती का" एवढेच विचारले. "का लिहिली नाही" हे आज पहिल्यांदा कोणी विचारले, म्हणून आज पहिल्यांदा सांगते. यांच्या हयातीत सांगितले नाही, कारण नवऱ्याला मुलासमोर उघडे पाडायचे नसते.

बेडूक तयार झाला तेव्हा गिरणीचे ड्रायव्हर त्यावर बसेनात. ट्रॅक्टरवर बसायचे म्हणजे त्यांना कमीपणा. दोन दिवस तो नुसता उभा. तिसऱ्या दिवशी मिस्त्री मला म्हणाले, "बाई, सांधा फिरवून तू तशीही उभीच राहतेस. बस वर." मी बसले. बेडकाने उडी मारली, मी पण मारली, आणि मग आम्ही दोघे चाललो. नऊ वर्षे चाललो. हिवाळ्यात हातमोजे घालून, उन्हाळ्यात बैठकीवर ओले गोणपाट टाकून. त्या चढावर एकही वाघीण माझ्या हातून परत घरंगळली नाही.

पहिल्याच दिवशी नवे टाइमकीपर वही घेऊन आले. केस चापून बसवलेले, कानावर पेन्सिल. म्हणाले, "इंजिन सुटायच्या आधी चालकाची सही लागते."

मी म्हटले, "अंगठा देते."

"या रकान्यात अंगठा चालत नाही. नियम आहे."

"मग लिहू नका."

"चालकाची सही नाही तर इंजिनाची नोंद करता येत नाही."

"इंजिन तर तुमच्या समोर धूर सोडतंय."

"बाई, मला दिसतंय. पण मला लिहिता येत नाही."

मला फार हसू आले. म्हटले, "मला पण!"

वही मिटून ते गेले. नऊ वर्षे बेडूक रोज त्यांच्या खिडकीसमोरून गेला आणि नऊ वर्षे त्यांनी तो रकाना कोरा ठेवला. लग्नाचे मात्र त्याच महिन्यात विचारले. तिथे सही लागत नव्हती. पुढे फळ्यांवर गिरणी मांडली तेव्हा मी म्हटले, बेडूक करा. तर म्हणाले, नोंदीत नाही. वही यांनीच लिहिलेली, आणि दाखला त्याच वहीचा! आता काय म्हणावे? मी अकरा वर्षे यांना चहा देताना रोज म्हणायची, "घ्या, याचीही नोंद नाही."

हे सांगून झाल्यावर लेक उठला. मग नकाशाजवळ गेला. मी म्हटले, "आता तिथे काय शोधतोस?" तर म्हणाला, "बेडूक वहीत नाही ठीक आहे, पण त्याचा रूळ तरी नकाशात असणार. संग्रहालयाला तेवढा पुरावा पुरेल." त्याने फाटकाच्या जागी बोट ठेवले. भिंग मागितले. सुनेला बोलावले. दोघांनी मिळून बघितले.

"आई, हा रूळ नकाशात नाही."

"असेल. नीट बघ."

"नाही. गिरणीच्या कुठल्याच कागदावर नाही."

मला नकाशा वाचता येत नाही. तो चार बोटांचा रूळ फळीवर मी पहिल्यापासून बघत होते, आणि मला वाटायचे की कागदावर आहे म्हणून यांनी घातला, बाकी सगळ्यासारखा. तो कागदावर नव्हता. मिस्त्रींनी तो रूळ न विचारता टाकला होता, आणि तो कुठे होता हे मिस्त्रींनंतर दोघांनाच माहीत होते, मला आणि यांना. मी फळीला हात लावला नव्हता.

सुनेने मला खुर्ची दिली.

हे बोलले असते तर यांचे काय बिघडले असते? चार बोटे रूळ टाकला, मापात, बेडूक बसेल एवढा, तांदळाच्या दाण्याचीही जागा सोडून, आणि शेजारी बसून मला म्हणत राहिले, नोंदीत नाही. अकरा वर्षे वाट बघितली असेल की ही कधी विचारते, हा रूळ कशाचा. आणि मला वाटले मला माहीत आहे. वकीलबाई, इथे थोडा वेळ काही लिहू नका.

कलम १०. सबब पुढीलप्रमाणे व्यवस्था करते.

फळ्या, गिरणी, नऊ सांधे, ठेंगणी आणि बेडूक यांची मालकी माझ्यामागे सुनेकडे. कारण पुरावा सगळ्यांनी मागितला, बैठक आडवी का हे तिने विचारले. संग्रहालयवाल्यांना बघायला यायचे असेल तर त्यांनी चपला बाहेर काढून यावे. कवळीबद्दलचे कलम कायम आहे. ती गोष्ट वेगळी.

नकाशा आणि यांची नोंदवही लेकाकडे. तो म्हणतो, जुन्या वहीत आता बेडकाची नोंद घालतो, त्याला तसा अधिकार आहे. घालू नये. त्या वहीत हे जसे होते तसे आहेत, आणि तो कोरा रकाना आमचा दोघांचा आहे. तक्त्याचा मजकूर मात्र त्याने आत्ताच फाडून नवा केला आणि मला वाचून दाखवला: "या गिरणीत शंटिंगसाठी दोन इंजिने होती." मी पुन्हा एकदा वाचायला लावला. मग आणखी एकदा.

महाराणी मांडणीत ठेवावी, उभी. तिचा दोष नव्हता.

ठेंगणी फार नवी दिसते. सुनेने तिला थोडी मळवावी. पायऱ्यांवर जास्त, छपरावर धुराची काजळी, दाराच्या मुठीशी हात लागून उडालेला रंग. बेडकाची उडी कोणीही, कोणत्याही कारणाने, नीट करू नये. घड्याळवाल्यांनी विशेषतः.

दर आठवड्याला एकदा इंजिने चालवावीत, रूळ आधी कोरड्या फडक्याने पुसून. लहान इंजिनाला धुळीचा एक कणसुद्धा पुरतो अडवायला. चालवणाऱ्याने ते नव्या वहीत लिहावे. ही नवी वही लेकाने आजच आखली आहे. त्याने रकान्यावर लिहिले आहे, "चालकाची सही किंवा अंगठा." त्यात पहिली नोंद त्याच्याच अक्षरात आहे, ती इथे उतरवून घ्यावी: "इंजिन बेडूक. फाटक ते बॉयलरघर. तीन वाघिणी, भरलेल्या. वाटेत अडथळा नाही." शेवटच्या रकान्यासाठी शाईचे खोके उघडून ठेवले आहे. आधी तिथे अंगठा देते, मग इथे.

परवा मी परत आले तर हा कागद मिटून ठेवावा आणि मला पोचवायला निघाल्यासारखे कोणी बघू नये. मला अजून ओंडक्यांच्या वाघिणी निवडायच्या आहेत.

वरील सर्व मजकूर वकीलबाईंनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी तो मध्ये बोलत बोलत ऐकला. तो मी सांगितल्याप्रमाणे आहे, एकही वाक्य गाळलेले नाही; जे वाक्य त्यांनी हळूच वाचले तेही मला ऐकू आले.

ठिकाण: माडीवरची खोली, फाटकाच्या बाजूला.
दिनांक: मार्च महिन्याची नऊ तारीख, मंगळवार, दुपारी पावणेएक. जेवायला बोलावून दोनदा झाले आहे.

लिहून ठेवणारीचा डाव्या हाताचा अंगठा: उठवला. शाई थोडी जास्त लागली आहे, कारण नुकताच वहीत उठवला होता.

साक्षीदार, ज्यांनी आपल्यासमोर अंगठा उठवलेला पाहिला आणि ज्यांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही:

१. घड्याळदुरुस्तीवाले, खालचे दुकान. सही.

२. टपालवाल्या बाई. ओळख: आजचीच. सही. शेजारी त्यांनी स्वतःहून अंगठाही उठवला आहे.

लिहून घेणार: वकीलबाई. सही, शिक्का.